काळी चारवर गाणारा डबा

मृणालीचा कीबोर्ड बिघडलेलाच नव्हता. शेहजादनं हात लावताच ते ओळखलं होतं, पण चहा संपेपर्यंत बोलला नाही. लबाड!

ती जळगावची, भीमगीतांच्या पार्टीत गाणारी. धुळ्यात कार्यक्रम होता आणि ऐन वेळी कीबोर्डचा आवाज तोंडात बोळा कोंबल्यासारखा येऊ लागला. म्हणून ती शेहजादच्या या रिपेअरिंगच्या दुकानात आली होती.

"कोणी पुसला हा?"

"ढोलकीवाल्या तोतारामभाऊंनी. का?"

"पुसता पुसता फिल्टरचं बटण बंद केलं त्यांनी. वरचे सूर बठ्ठे, सगळेच्या सगळे, आत अडकले. बाकी काहीच नही शे."

त्यानं बटण फिरवलं, आवाज मोकळा झाला. मृणालीचे कान तापले. लाज लपवायला तिनं टेबलाकडे बोट केलं. सुटे सुटे डबे, एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या रंगीत वायरी...

"या कसल्या शेवया?"

"मॉड्युलर सिंथ. डबे जोडून सूर काढणारा बाजा. मी बनवलाय. गा ना, एक नुसता आ."

माइकमध्ये तिनं आपल्या नेहमीच्या पट्टीचा, काळी चारचा आ लावला. त्यानं एक बटण हळूहळू फिरवलं. "हा रेझोनन्स. फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज थोडा परत आत पाठवायचा. मग नेमका तुमचा सूर फुगतो."

"आणि बाकीचे?"

"पातळ होतात. बँडविड्थ, म्हणजे आत यायची वाट, निमुळती होते. रस्त्यावरचे हॉर्न नाहीत, गिऱ्हाईक नाही... फक्त—"

"फक्त?"

"काळी चार," तो पुटपुटला.

"आणि पूर्ण फिरवलं तर?"

"मग बाहेरून कोणी यावंच लागत नाही. स्वतःच गात बसतो. येडा!"

पुढच्या खेपेला पारोळ्यावरून येणाऱ्या गाडीत तिनं स्वतःच्या अंगठ्यानं कीबोर्डचं ते फिल्टरचं बटण बंद केलं.

"पुन्हा तोतारामभाऊ?" त्यानं हसू दाबत विचारलं.

"फार पुसतात."

"समजाव त्यांना."

"कशाला? पुसू दे की."

असे बरेच चहा झाले. जळगावला परतल्यावर मात्र दिवस ढकलावा लागायचा. सराव चालू असायचा, ती गात असायची, आणि कान धुळ्यात.

घरात जामनेरचं स्थळ आलं. मामा सभेत जातीअंतावर तासभर बोलायचे. पण भाचीच्या तोंडून मुसलमान पोराचं नाव निघालं आणि त्यांनी जेवतं ताट बाजूला सारलं. शेहजादच्या अम्मीचं मन तरी कुठं मोठं होतं? माणुसकीच्या गप्पा सगळ्यांच्या, दार मात्र आपल्याच माणसापुरतं!

"रविवारी पाहुणे येताहेत," तिनं सांगितलं.

शेहजाद वायर गुंडाळत राहिला.

"तुझा डबा बोलतो. तू बोल ना!"

"वाट फार निमुळती असली ना, मृणाली... की फिल्टर लगेच बोलत नाही. सूर आत साठायला वेळ लागतो."

"मग बस साठवत!"

ती तरातरा निघाली. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेलीच नसती...

रविवार गेला. शुक्रवारी दुपारी ती पुन्हा धुळ्यात उतरली, या वेळी कीबोर्डशिवाय. दुकानाचं शटर अर्धं खाली. शेहजाद नमाजला गेला असावा. ती वाकून आत शिरली आणि थबकली.

माइक खुंटीवर. डब्यात बाहेरून एकही वायर आलेली नाही. रेझोनन्सचं बटण टोकाला. आणि फिल्टर आपला एकटाच, बारीक आवाजात गात होता.

काळी चार.

तिचे डोळे भरून आले. मागं टोपी हातात धरून शेहजाद उभा होता.

"पाहुणे...?" कसंबसं त्यानं विचारलं.

"पोहे खाऊन गेले. मी नाही म्हटलं. मामा अबोल झालेत."

"माझ्यासाठी?"

"माझ्यासाठी. तुझ्या बोलण्याची वाट पाहत बसले असते, तर दात पडले असते माझे."

तो हसला नाही. आधी अडखळला, एक शब्द, मग दोन... "अम्मी रडेल. दुकानावर लोक येतील भांडायला. तरी... तुझ्याशिवाय मला दुसरं काही ऐकूच येत नाही गं." आणि मग जो सुटला! पहिल्या चहापासूनचं, तिच्या लाल कानांचं, रिकाम्या दुपारचं, बठ्ठं. तिची परतीची पारोळ्याची गाडी निघून गेली. पाठची लागली, तीही गेली.

मृणालीनं हात लांब करून डब्याचं बटण अलगद खाली आणलं.

"बोल," ती म्हणाली. "मी ऐकतेय."