न वाजलेली शिट्टी

पहिल्याच भेटीत तिने त्याला पिवळं कार्ड दाखवलं. प्रेमाची सुरुवात अशी कुणाची होऊ नये… पण हिची झाली. समोरच्याचा शर्ट ओढला म्हणून कार्ड, आणि तो नऊ नंबरचा गडी चिडायचं सोडून हसला.

"नव्या दिसता मॅडम. पण हात काय रुबाबात वर केलात."

झालं. रेफरीबाई घरी आरशासमोर हात वर करू लागल्या. आई म्हणाली, "बाधा झाली की काय हिला?" बाधा परवडली असती.

पुढच्या मॅचला त्याच्या टीमने फिजिओ आणली. लांबसडक वेणी, हातात फवाऱ्याची बाटली. तो जरा पडला, हिने शिट्टी वाजवली, की ती पळत आत. त्याची पोटरी हातात घ्यायची, फवारा मारायचा, वर लाडीक सूर – "फार दुखतंय का रे?"

रे. आम्ही मॅडम, आणि ती रे म्हणणार. रेफरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या हाफमध्ये त्याला पुन्हा पाडलं. बॉल मात्र त्याच्याच सोबत्याकडे गेला. अशा वेळी नियम सांगतो, लगेच शिट्टी नको. पडलेल्याच्या टीमचा फायदा होतोय तर होऊ द्या. तिने दोन्ही हात पुढे केले. "खेळा, खेळा." इथपर्यंत सगळं चोख.

पण सोबती अडखळला, बॉल गेला. फायदा नाही, तर आता मागे येऊन फ्री किक द्यायची. शिट्टी ओठांत होती. रेषेबाहेर ती वेणीवाली बाटली हलवत उभी होती, सोडलेल्या बाणासारखी निघायच्या बेतात…

शिट्टी वाजलीच नाही.

तो उठला, लंगडत धावला. मॅच बरोबरीत सुटली.

मैदान रिकामं झाल्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "माझी फ्री किक खाल्लीत तुम्ही."

"खाल्ली."

"फायदा गेलेला दिसला नाही?"

"दिसला." तिने मान खाली घातली नाही, तसलं वळणच नव्हतं तिला. "वाजवली असती तर ती आत आली असती."

त्याचे कान लाल… मग हळूच, "तिला माझी फक्त पोटरी ठाऊक आहे, मॅडम."

"असेल. पण मॅचेस वाटून देणाऱ्या साहेबांना मी सांगून आलेय, काय केलं तेही. तुमच्या टीमच्या मॅचला मी पुन्हा शिट्टी धरणार नाही. माझा न्याय तुमच्यापाशी आंधळा होतो."

"मग मी खेळताना तुम्ही कुठे असाल?"

"बाहेर, बाकावर."

"आणि मी पडलो तर?"

"पडून तर बघ," ती म्हणाली.