दारावरचं शून्य

शनिवारी सकाळी आठला चर्चच्या आवारातून बेकरीवाल्याची गाडी निघाली, तेव्हा आतली मंडळी हसतखिदळत होती. फावडी, बादल्या, रबरी बूट आणि मागे पावाचे दोन ट्रे. पूर ओसरून दहा-बारा दिवस झाले होते. खालच्या वस्तीतल्या घरांतला गाळ उपसायचा, एवढंच आजचं काम.

रंगारी खिडकीशी गप्प बसला होता. घरं रंगवणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला रंगारीच म्हणत. मुळात अबोल माणूस, पण आज त्याच्या तोंडाला जसं कुलूपच लागलं होतं.

"काय रे, आज ब्रश नाही आणलास?" बेकरीवाल्यानं गाडी चालवताना मागे वळून विचारलं. "गाळाला दुसरा हात मारायला लागला तर?"

सगळे हसले. रंगारीही हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

ब्रशची गोष्ट अशी. पुराच्या दुसऱ्या दिवशी हीच मंडळी मांडीएवढ्या पाण्यातून घरोघर फिरली होती, कोणी अडकलंय का बघायला. घर पाहून झालं की दारावर पांढरं वर्तुळ, वर्तुळाला आडवी रेघ, आणि खाली आकडा. जितकी माणसं आत सापडली तितका. शून्य म्हणजे आत कोणी नाही, मागून येणाऱ्या होडीनं तिथं थांबायचं नाही. हात सुबक म्हणून ते काम रंगाऱ्याकडे आलं होतं.

गल्लीतल्या शेवटच्या घरापुढे गाडी थांबली. रंगाऱ्यानं दार पाहिलं. वर्तुळ, रेघ, खाली शून्य. त्याच्याच हातचं.

पायरीवर एक बाई बसली होती. या घरातल्या म्हातारीची लेक, दुसऱ्या शहरातून आलेली. केस विस्कटलेले, डोळे लाल.

"ताई, आम्ही चर्चकडून आलोय," चर्चचे धर्मगुरू, पाळक, नम्रपणे म्हणाले.

"दिसतंय. हे शून्य तुमचंच ना?" ती उठलीही नाही. "दहा छावण्या पालथ्या घातल्या मी. आत कोणी नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आई कुठेतरी बाहेर असणारच की. याद्या वाचून वाचून डोळे गेले. कोणी सांगत नाही. आणि तुम्ही पाव घेऊन आलात!"

"आम्ही प्रार्थना करतोय त्यांच्यासाठी..."

"गाळ काढा. नाहीतर निघा."

पाळक खाली मान घालून आत गेले. रंगारी तिच्या शेजारून जाताना अंग चोरून गेला. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

घर आगगाडीच्या डब्यासारखं लांब होतं. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे कोठी. खिडक्या अर्ध्याअधिक चिखलानं बुजलेल्या, त्यामुळे दिवसाढवळ्याही आत अंधार. सगळ्या गल्लीलाच एक कुजका वास होता, पण इथे तो घशात जाऊन बसत होता.

त्यांनी साखळी केली. बेकरीवाला दणकट, तो स्वयंपाकघरात फावड्यानं बादल्या भरणार. रंगारी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर, पाळक बाहेरच्या खोलीत, बाकीचे रस्त्यापर्यंत. अंधारात बादली हातातून निसटू नये म्हणून देणाऱ्यानं "घे" म्हणायचं, मग सोडायची. रंगारी स्वयंपाकघराकडे पाठ करून उभा राहिला. हात मागे न्यायचा, "घे" ऐकलं की कडी धरायची, पुढे द्यायची.

घे. घे. घे.

तासाभरात हात आपोआप चालायला लागले आणि डोकं रिकामं झालं. रिकाम्या डोक्यात तो दिवस शिरला. त्या दिवशी हे घर शेवटचं होतं; बाकीचे परत फिरले होते, तो एकटाच आला होता. दार अर्धवट उघडं, आत काळं पाणी. तो पायरीपाशीच थांबला आणि त्यानं हाक मारली. "कोणी आहे का?" एकदाच, घाईघाईनं. उत्तर यायला नको असलेला माणूस मारतो तशी. आतून ठक, ठक, ठक असं काहीतरी वाजलं होतं. भांडं असेल एखादं, तरंगत भिंतीला लागत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. आणि सुबक शून्य काढून तो परतला होता.

"घे."

बादली आता जड येत होती. पुढे घ्यायला पाळकांचा हात आला नाही, म्हणून त्यानं ती पायाशी ठेवली. आणखी एक. मग आणखी एक. पाळक कुठे गेले, म्हणून त्यानं मान वर केली, तर बाहेरच्या दाराच्या उजेडात बेकरीवाला उभा. एका हातात चहा, तोंडात पाव.

"अरे बाबा, सगळे चहाला बाहेर आले, तू एकटा काय करतोयस?"

रंगाऱ्यानं पायाशी पाहिलं. काठोकाठ भरलेल्या सात बादल्या.

"तू... तू कधी बाहेर गेलास?"

"झाली की दहा मिनिटं. तुझ्या शेजारूनच गेलो, हाकही मारली. ये लवकर, थंड होतोय." आणि तो वळून गेला.

रंगाऱ्याचा एक हात अजून मागेच होता. त्या हाताला कडी लागली. थंडगार.

"घे," मागून आवाज आला.

त्यानं कडी धरली. पण देणाऱ्यानं ती सोडली नाही. ओली, सुरकुतलेली बोटं त्याच्या बोटांवर आली, पाण्यात फार वेळ राहिली की होतात तशी, आणि हळूहळू आवळत गेली. मागे बघायची त्याची छाती झाली नाही. मग त्याच्या कानामागून कोणीतरी हाक मारली. एकदाच, घाईघाईनं.

"कोणी आहे का?"

आवाज त्याचाच होता.

ठक. ठक. ठक.

तो बादल्या लाथाडत बाहेर पळाला आणि थेट त्या बाईच्या पायांशी कोसळला. चहाचे कप हातातच राहिले सगळ्यांच्या.

"मी आत गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "त्या दिवशी... मी आत बघितलंच नाही."

सगळे स्वयंपाकघराकडे धावले. बेकरीवाल्याचं फावडं त्यानं रोवलं होतं तिथंच उभं होतं, भोवतालचा गाळ त्यानं सोडला होता तसाच. कोठीचं दार बाहेर उघडणारं, आणि त्याला कडीपर्यंत गाळ चिकटून घट्ट वाळलेला. आतून ते उघडणं शक्यच नव्हतं. खणून दार मोकळं करायला त्यांना अर्धा तास लागला.

म्हातारी कोठीच्या माळ्यावर होती. हाताशी चेपलेलं पितळेचं भांडं. भिंतीवर नखानं ओढलेल्या सहा रेघा. कोठीत सगळीकडे गुडघाभर गाळ होता, फक्त माळ्याखालची जमीन स्वच्छ होती. ओली, नुकती खरवडल्यासारखी.

लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"किती हाका मारल्या होत्या?" तिनं रंगाऱ्याला विचारलं.

"एक."

"आणि थांबलास किती वेळ?"

तो चिखलाचे हात सदऱ्याला पुसत राहिला.

"सहा दिवस होती ती," बाई म्हणाली. "तुलाही कोणीतरी अशीच एक हाक मारो."

परतताना गाडीत त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. पाळकांनी सगळ्यांसाठी प्रार्थना म्हटली, एकेकाचं नाव घेऊन. त्याचं नाव आलं नाही. विसरले असतील.

त्याचं घर टेकडीवर, तिथे पुराचा थेंबही पोचला नव्हता. बायको दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"अहो, हे काय काढून ठेवलंय दारावर? रंग फुकट मिळतो का?"

वर्तुळ, आडवी रेघ, खाली शून्य. सुबक. त्यानं टर्पेंटाइन घेऊन लाकूड पांढरं पडेपर्यंत दार घासलं. काही उरलं नाही. बायकोलाही बोलावून दाखवलं, दोनदा.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहापाण्याची तयारी करायला बायको सकाळीच चर्चमध्ये गेली. तो सदऱ्याची बटणं लावत होता, तेव्हा बाहेर बेकरीवाल्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्याला बरं वाटलं. न्यायला आला म्हणजे राग गेला असेल. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि दाराशी थांबली.

"कोणी आहे का?"

एकदाच, घाईघाईनं.

"आहे, आहे! आलोच!" रंगारी ओरडला आणि दाराकडे धावला. कडी हलेना. त्यानं दोन्ही हातांनी ओढली. ती ओली होती, आणि खाली, दाराच्या फटीतून, गाळाची बारीक रेघ आत आली होती.

बाहेर लाकडावर ओला ब्रश फिरत होता. तो आवाज त्याच्याइतका कोण ओळखणार? आधी गोल. मग आडवा.

"अरे, मी आहे आत! थांब!"

त्यानं मुठीनं दार ठोकलं. ठक. ठक. ठक.

ब्रश थांबला. दारापलीकडे बेकरीवाला क्षणभर ऐकत उभा राहिला असावा. मग तो गाडीतल्या कोणाला तरी म्हणाला,

"चला. भांडं असेल एखादं."