पाईपचं दुसरं टोक

पोरांनो, वेल्डिंग मशीनचा प्लग काढा आधी, मग बसा. मोबाईलवर चार व्हिडिओ बघून जीपला पाईपची चौकट बसवायला निघालात, बसवा. हौसेला मोल नसतं. पण आमच्या होटगीच्या मल्लेशचं काय झालं ते ऐका आणि मग काय दिवे लावायचे ते लावा. ही ऐकीव गोष्ट नाही. शेवटाला मी स्वतः तिथे होतो.

मल्लेशनेही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशीच एक जुनी जीप उघडी केली होती. जीप वळसंगच्या विरेशची, त्याच्या जिवलग दोस्ताची. मल्लेश वेल्डिंग करायचा आणि विरेश पाईपचं दुसरं टोक धरून उभा राहायचा. जीप उलटली तर डोकी वाचावीत म्हणून वर पाईपची चौकट केली. आता पाईप जोडताना आधी नुसते टाके मारतात, ठिपक्यांसारखे. माप जुळलं की सांधा चहूबाजूंनी पूर्ण भरायचा. एका सांध्याला टाके मारले आणि लाईट गेली. मल्लेशने वेळ घालवायला त्यावर पोचे बुजवायची लांबी भरली, घासली, लाल रंग मारला. सांधा इतका सुरेख दिसायला लागला, की लाईट आल्यावर तो रंग खरवडायचं त्याच्या जिवावर आलं.

"झाला का रं पक्का?" विरेशने विचारलं.

"व्हय की."

पावसाळ्यात जीप रस्त्याच्या कडेला उलटली आणि नेमका तोच सांधा सुटला. विरेश जागीच गेला. लोक म्हणाले, पोरगं वारं प्यायलेलं, गाडी दामटत असणार. मल्लेशनेही मान डोलावली. लाज वाटली, पण डोलावली.

यंदाच्या पौष अमावास्येची गोष्ट. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली, निम्मं गाव तिकडे. दिवेलागणीला विरेशचे वडील सिद्धाप्पा टेम्पोतून एक पाईप घेऊन मल्लेशकडे आले. जीप भंगारात गेली होती, पण चौकटीचा तेवढा एक पाईप म्हाताऱ्याने ठेवून घेतला होता.

"मल्लेशा, गोठ्याला फाटक करायचं हाय. ह्यो पाईप त्यात घाल. रोज हात तरी लागंल."

"दुसऱ्या कुनाकडनं करून घ्या की, अप्पा."

"दुसरा कशाला? तू त्याचा दोस्त. तुज्याच हातचं पायजे."

म्हातारा वळसंगला परत गेला. मल्लेशने पाईपचं टोक बघितलं. गंजात अजून लाल रंग होता आणि तुटलेले टाके तसेच होते. सिद्धाप्पांना त्यातलं काय कळणार होतं? पण चोराच्या मनात चांदणं. उजाडायच्या आत ही खूण मिटवायची, असं त्याने ठरवलं. जेवलाही नाही. ग्राइंडर लावला आणि टाके घासून टाकले. आपण विरेशला दुसऱ्यांदा मारतोय असं त्याला वाटत होतं, तरी हात थांबला नाही. हे त्यानेच मला सांगितलं.

मग तो पाईप फाटकाला जोडायला बसला. पाईप लांब, माणूस एकटा, दुसरं टोक सारखं घरंगळत होतं. त्याने काळी काच तोंडावर ओढली. त्या काचेतून एरवी काही दिसत नाही, ठिणगी पेटली की तिच्या उजेडात काय दिसेल तेवढंच.

रॉड टेकवला. उजेड पडला.

पाईप हलायचा थांबला.

पलीकडच्या टोकावर एक हात होता…

मल्लेशने काच वर केली. शेड रिकामं. बल्ब जळत होता. कोणी नव्हतं.

पुन्हा काच. पुन्हा रॉड.

हात. कोपरापर्यंत.

"विरेश…?"

…

पाईप फिरला. हळूहळू. घासलेली जागा वर आली. मल्लेशच्या तोंडासमोर. तिथेच थांबली.

…

"सांगतो," मल्लेश म्हणाला. "अप्पाला सांगतो की रं…"

रॉड विझला.

तांबडं फुटायच्या आधी तो माझ्या दारात उभा. रात्रीचं सगळं त्याने सांगितलं. एकटा जाईना, म्हणून मीच त्याला मोटारसायकलवर बसवून वळसंगला नेलं.

सिद्धाप्पा ओट्यावर बसले होते, डोळ्यांवर ओलं फडकं धरून. मल्लेश त्यांच्या पायांवर पडला.

"सांधा कच्चा हुता, अप्पा. म्या रंगानं झाकला. काल रातीबी घासून झाकत हुतो. तुमचा पोरगा माज्यामुळं गेला."

म्हाताऱ्याने फडकं डोळ्यांवर तसंच दाबून धरलं. मग म्हणाला, "त्यानं इचारलं हुतं का तुला?"

"इचारलं हुतं."

सिद्धाप्पांनी फडकं खाली घेतलं. डोळे लालभडक, सुजलेले, पाण्याची धार लागलेली. मला गलबलून आलं. म्हटलं, "अप्पा, रडू नका."

"रडत न्हाय. पहाटं जागा झालो तवापासनं डोळ्यात नुसती वाळू खुपतीया."

"रातभर घरातच निजलेत," विरेशची आई ईरम्मा दारातून म्हणाली. "कडी मी सवता लावली हुती. कशानं झालं कुनाला ठावं."

पोरांनो, मी रेल्वेच्या कारखान्यात वेल्डिंगवर जन्म काढला. ती वाळू मला पक्की माहीत आहे. वेल्डिंगचा उजेड ज्याने जवळ उभं राहून, उघड्या डोळ्यांनी, बराच वेळ बघितला असेल, त्यालाच ती होते. दुसऱ्या कोणाला नाही.

आणि वळसंगहून होटगी दिसत नाही.