ऐकणारा व्हॉल्व्ह

मुरोताने ज्या पत्राला वर्षभर उत्तर दिलं नाही, ते खरं तर पत्र नव्हतंच. जोडकार्ड होतं. अर्धं वाचायचं आणि अर्धं उत्तर लिहून परत धाडायचं, तसलं.

यातलं काहीही मनाने घातलेलं नाही. मुरोता साकुजी आजही जपानमधल्या ओतारू गावात, चढावरच्या त्याच घरात राहतो. वय त्र्याहत्तर. आयुष्यभर एका छोट्या छापखान्यात मुद्रितं तपासली. जे घडलं ते भर दुपारी घडलं. फेब्रुवारीत, ओळीने तीन दुपारी, बरोब्बर दोन वाजता.

कार्ड आलं होतं त्याच्या आदल्या वर्षी. शाळेपासूनचा मित्र इवाबुची याचं. मजकूर एवढाच...

'या शनिवारी दुपारी दोनला ये. हेडफोनच्या नव्या ॲम्प्लिफायरला जुने व्हॉल्व्ह बसवलेत. दुसऱ्या कुणाला बोलावलेलं नाही. तू खरं सांगशील. उत्तर आलं नाही तर येतोयस असं धरून चालेन.'

उत्तराच्या अर्ध्यावर दोन शब्द होते. उपस्थित. अनुपस्थित. एकाभोवती गोल करायचा, दुसरा खोडायचा. आणि पत्त्यात इवाबुचीने रिवाजाप्रमाणे स्वतःच्या नावापुढे मानाचं 'सामा' न लावता साधं अक्षर लिहिलं होतं. उत्तर देणाऱ्याने ते दोन रेघांनी खोडून तिथे 'सामा' लिहायचं असतं. शाळकरी पोरालाही ठाऊक असतं हे.

मुरोताला जायचं नव्हतं. ऐकल्यावर काहीतरी बोलावं लागतं. लोक म्हणतात, आवाज मधासारखा आहे, गाणारी बाई अगदी समोर बसल्यासारखी वाटते. मुरोताला वाटे, आपल्याला यातलं काय कळतं?

त्याने लाल पेन्सिलीने 'अनुपस्थित'भोवती गोल केला. निदान त्याला तसं आठवत होतं.

मग अडलं. रेघा सरळ मारायच्या की तिरप्या? नकार कळवताना मानाच्या अक्षरात चूक झाली तर ते अधिकच वाईट दिसेल. शब्दकोशात बघून करू, असं म्हणून त्याने कार्ड शब्दकोशातच ठेवलं.

ते तिथेच राहिलं.

त्या शनिवारी इवाबुची एकटाच होता. बायको फुसाए हाकोदातेला बहिणीकडे गेली होती. रविवारी संध्याकाळी ती परतली तेव्हा तो ॲम्प्लिफायरच्या शेजारी, चटईवर पडलेला होता. मेंदूतली शीर फुटली होती. डॉक्टर म्हणाले, लगेच गेले नाहीत. बराच वेळ जिवंत होते.

ॲम्प्लिफायर चालूच होता.

अंत्यविधीला फुसाएने विचारलं, "मुरोता-सान, हे म्हणाले होते, कुणीतरी येणार आहे, तू खुशाल जा. म्हणून मी गेले. कोण येणार होतं हो?"

मुरोता दोनदा खाकरला. तशी त्याची सवयच होती.

"मला काही कल्पना नाही," तो म्हणाला.

वर्षश्राद्ध झाल्यावर फुसाएने आठवण म्हणून इवाबुचीच्या वस्तू वाटल्या. मुरोताच्या वाट्याला नेमका तो ॲम्प्लिफायर आला. बुटाच्या खोक्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी आणि वर दोन व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या. नाही कसं म्हणायचं?

पहिल्या दिवशी त्याने तो चालू केला तेव्हा दोन वाजले होते. बाहेर बर्फ पडत होतं. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. तारा हळूहळू केशरी झाल्या. त्याने रेकॉर्ड लावली आणि हेडफोन चढवला.

आवाज खरंच सुंदर होता. बाई गात होती. मागे पियानो.

आणि डाव्या कानात...

टिक. टिक. टिक.

लंबकाच्या घड्याळाचा आवाज. मुरोताच्या घरात लंबकाचं घड्याळ नव्हतं.

त्याने हेडफोन काढला. खोली गप्प. पुन्हा चढवला.

टिक. टिक. मग कुणीतरी चटईवर बसायची उशी ठेवली. मग दुसरी. चिनीमातीचा कप टेबलावर टेकला. मग दुसरा. आणि कुणीतरी पुरुष गुणगुणू लागला. सूर जरासा खाली. इवाबुची आयुष्यभर तसाच गुणगुणला होता.

मुरोताने कुसाकाबेला फोन लावला. कुसाकाबे पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. त्यांच्या ऐकण्याच्या मंडळातला तो सगळ्यात वाचाळ.

"डाव्या व्हॉल्व्हमधून खोलीतले आवाज येतात," मुरोता म्हणाला.

"येणारच. म्हातारा व्हॉल्व्ह खोलीचं ऐकतो. आतला पत्रा सैल होतो ना. टेबलावर टिचकी मारून बघ, कानात घंटा वाजेल."

"पण हे आवाज माझ्या खोलीतले नाहीत."

"मग कुणाच्या खोलीतले? शेजारणीच्या? बघ बाबा, या वयात!" कुसाकाबे हसला. "अरे, मंडळात येऊन तू दोनदा खाकरतोस आणि गप्प बसतोस. आज पहिल्यांदा काही ऐकलंस म्हणतोयस, तर तेही भलतंच. व्हॉल्व्ह बदल आणि झोप काढ."

मुरोताला ते पटलं. आपल्यालाच काही कळत नाही, हे त्याला नेहमीच चटकन पटे.

त्याने व्हॉल्व्ह बदलला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्याने हेडफोन चढवला. रेकॉर्ड लावलीच नाही.

टिक. टिक.

"बर्फ आहे..." इवाबुचीचा आवाज. स्वतःशीच. "उशीर होणारच त्याला."

घड्याळाने तीनचे ठोके दिले. मुरोताच्या मनगटावर दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मग कुणीतरी उठलं. एक पाऊल. दुसरं...

धप्प.

कप खणखणले. त्यानंतर बराच वेळ फक्त श्वास. ओला, घरघरता.

आणि मग...

टक.

नख पत्र्यावर वाजवावं तसं. ॲम्प्लिफायरच्या पेटीवर. अगदी जवळ.

टक. टक.

बाहेर रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. मुरोताच्या रस्त्यावरून नव्हे. त्या रस्त्यावरून.

"आला," इवाबुची म्हणाला. जीभ जड झाली होती, पण आवाजात आनंद होता. "मुरोता... दार उघडंच आहे रे..."

मोटारसायकल थांबली नाही.

टक.

रिकाम्या खोलीत मुरोता कुजबुजला, "इवाबुची... मी येणारच नव्हतो रे."

टकटक थांबली.

घड्याळही थांबलं.

आणि डाव्या कानात, अगदी कानाच्या पाळीशी, शांतपणे...

"मग तसं कळवायचंस ना."

मुरोताने हेडफोन भिरकावला. पण पेटी बंद करायला त्याचा हात पुढे होईना. व्हॉल्व्ह जळत राहिले. तासाभराने फोन वाजला तेव्हा तो खोलीच्या कोपऱ्यात, होता तसाच बसलेला होता.

"मुरोता-सान, मी फुसाए. आवडला का आवाज? उद्या येऊ का जरा? खारवलेला मासा केलाय. आणि मलाही एकदा ऐकायचंय."

नको म्हणायला हवं होतं. तो दोनदा खाकरला.

"बरं, येते मग," फुसाए म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती दोनला पाच मिनिटं कमी असताना आली. कोटावरचं बर्फ दारातच झटकलं. माशाचा डबा त्याच्या हातात दिला आणि ॲम्प्लिफायरसमोर गुडघे मोडून बसली.

"त्या दिवशी या पेटीवर माझी चादर पडली होती," ती म्हणाली. "ओढून घेतली असेल यांनी. थंडी वाजली असेल."

तिने हेडफोन चढवला. मुरोताने रेकॉर्ड लावली. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलेना. कुठल्याही क्षणी तिला नाव ऐकू येईल. त्याचं नाव.

गाणं संपलं. तिने डोळे पुसले.

"छान आहे. आणखी काहीच नाही. मला वाटलं होतं..." ती थांबली. "मूर्खच मी. तुम्हाला एक सांगू? कुणालाच सांगितलं नाही अजून. पोलिसांनाही नाही."

"काय?"

"टेबलावर दोन कप होते. यांचा भरलेला होता, तसाच. दुसरा रिकामा, तळाशी चहाचा गाळ."

मुरोताने रेकॉर्डवरची सुई उचलून ठेवली.

"कुणीतरी आलं होतं, मुरोता-सान. हे खाली पडलेले असताना आलं. बसलं. चहा प्यायलं. आणि निघून गेलं." तिचा आवाज चढला नाही. "वर्षभर मी सगळ्यांना विचारतेय. तुम्हाला दोनदा विचारलं. मला भांडायचं नाही हो कुणाशी. माझ्यानंतर यांच्याशी शेवटचं बोललेलं माणूस आहे ते. हे काय म्हणाले, तेवढं त्याने कळवावं. बस. मी तिथे नव्हते ना."

तिने हेडफोन त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही ऐका ना. हे म्हणायचे, मुरोताचे कान खरे."

तिच्यासमोर नाही म्हणता आलं नाही. त्याने हेडफोन चढवला. रेकॉर्ड संपलेली होती.

टिक. टिक.

टक... टक... नख थकलं होतं.

आणि मग सरकतं दार उघडलं.

पावलं आत आली. बर्फाची, ओली पावलं. कुणीतरी उशीवर बसलं. कापडाची सळसळ.

"आलास..." इवाबुचीला रडू फुटलं होतं. "आलास बाबा... जरा हात दे रे..."

पाहुणा हलला नाही.

"हात... मुरोता..."

आणि पाहुणा खाकरला.

एकदा.

दोनदा.

मुरोताला तो आवाज कुठेही ओळखू आला असता. आयुष्यभर तो त्याच्याच घशातून आला होता.

फुसाए त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले. काय ऐकू येतंय, असं ती विचारत असावी.

कानात शांतता होती. लांबलचक. इवाबुची वाट बघत होता. मग त्याने श्वास ओढला आणि दारात आलेल्या कुणालाही म्हणावं, इतक्या साध्या, आर्जवी आवाजात तो म्हणाला...

"बरं... घाई असेल तुला. चहा तरी पिऊन जा."

कप उचलला गेला. एक घोट. दुसरा. कप टेबलावर टेकला. पावलं. दार.

त्यानंतर नख एकदाही वाजलं नाही.

मुरोताने हेडफोन काढला.

"काय होतं?" फुसाएने विचारलं.

बोलण्याआधी तो खाकरला. एकदा. दोनदा. ती त्याच्याकडे रोखून बघू लागली. का, ते त्याला कळलं नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "सुंदर आवाज आहे."

ती गेल्यावर त्याने शब्दकोश काढला. त्याला फक्त एकच गोष्ट डोळ्यांनी बघायची होती. 'अनुपस्थित'भोवतीचा गोल. त्या शनिवारी तो घरीच होता. स्टोव्हजवळ बसून वाचत होता. काय वाचत होता? आठवेना. पण घरीच होता. कार्डच सांगेल.

कार्ड जिथे ठेवलं होतं तिथेच होतं.

'अनुपस्थित' दोन लाल रेघांनी खोडलेलं होतं.

'उपस्थित'भोवती गोल होता. त्याच्याच पेन्सिलीचा. छापखान्यात चाळीस वर्षं केला तसा, जरा डावीकडे झुकलेला.

तो कितीतरी वेळ त्या गोलाकडे बघत राहिला. दुसऱ्यांच्या लिखाणातली एकही चूक त्याच्या हातून कधी निसटली नव्हती. स्वतःच्या आठवणीवर मात्र त्याने कधीच पैज लावली नसती. तो गेला होता का? बर्फातून चालत, उघड्या दारातून आत, काय बोलावं ते न सुचून, बसून, चहा पिऊन...

त्याला नाही आठवत. आजही नाही आठवत.

कार्ड फाडता आलं असतं. स्टोव्ह पेटलेला होता.

त्याने लाल पेन्सिल घेतली. पत्त्यातल्या इवाबुचीच्या नावापुढचं साधं अक्षर दोन रेघांनी खोडलं. सरळ रेघांनी. शेजारी 'सामा' लिहिलं. खाली स्वतःचं नाव लिहिलं. मजकुरासाठी उरलेल्या जागेत एकच ओळ लिहिली.

'चहा तरी पिऊन जा, असं ते म्हणाले.'

हे कार्ड उद्या त्या घरी पडेल. फुसाए उचलेल. वाचेल.

चार वाजता, अंधारायच्या आत, तो उतारावरच्या लाल टपालपेटीपाशी गेला. कार्ड फटीत धरलं. सोडलं.

पेटी रिकामी असावी. आत पत्र्यावर कार्ड आपटलं.

टक.

बर्फ पडत होतं. मुरोता तिथेच उभा राहिला, कान पेटीला लावून. दुसऱ्यांदा वाजू नये म्हणून.