सासऱ्यांच्या आवाजाची प्रत

माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. सासूबाईंचा फोन शेवटच्या घटका मोजत होता आणि त्यात सासऱ्यांचा आवाज होता. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं. सासूबाई मात्र रोज दुपारी त्यांचे जुने व्हॉइस मेसेज ऐकायच्या आणि प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. फोन गेला असता तर त्यांची दुपारच गेली असती.

लग्नाआधी मी ऑफिसात बॅकअपचंच काम करायचे. माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला. नवरा म्हणाला, याला भंगारवालासुद्धा हात लावणार नाही. मी धूळ झटकली, नवी डिस्क बसवली, नेटचं कार्ड उपटून काढलं. आता त्याचा जगाशी काही संबंध नाही, कुणी लुडबुड करायला नको. माइक नव्हताच. स्पीकर तेवढे जोडले.

सगळे मेसेज कॉपी झाले आणि फोनने मान टाकली. चार्जरला लावला, तरी काळाठिक्कर.

कॉपी झाली म्हणून हात झटकायचे नसतात. उघडून ऐकावं लागतं. उन्हामुळे पडदे ओढले होते, दार लोटलेलं. डिस्क कुरकुरत होती, तापलेल्या धुळीचा वास येत होता. मी कॉम्प्युटरसमोर खुर्चीत, सासूबाई शेजारी स्टुलावर. पहिला मेसेज लावला.

"उशीर होईल. तू जेवून घे."

"जेवले हो," सासूबाई सवयीने म्हणाल्या.

मेसेज इथे संपायचा. मी तो इतक्यांदा ऐकला होता की मलाही पाठ होता. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ पुढे सरकतच राहिली. नुसती खरखर... आणि मग,

"एकटीच जेवलीस?"

मी दचकून खुर्चीत मागे सरकले. सासूबाई मात्र अगदी सहज सांगू लागल्या, नाही हो, आता सोबत असते. स्पीकरमधून ते हसले. त्यांना फोनात एवढं नीट ऐकू येत नसणार, असं वर सासूबाईंनी मलाच समजावलं.

मी बंद करायच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको गं. आता दुसरीकडे कुठे आहेत ते?"

खरंच, कुठेच नव्हते. मी हात मागे घेतला.

खरखर थांबली. आवाज खाली आला, कुणी आपलं बोलणं ऐकू नये म्हणून उतरवतात तसा.

"ती कोण?"

"आपली सून," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "तिनेच तर..."

"सून बसलीय ती. तिच्या मागे उभी आहे... ती कोण?"

मला मान वळवता येईना. सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझं मनगट सोडलं आणि आवाज न करता आपलं स्टूल माझ्यापासून लांब सरकवलं.