पिस्ते कुणी पाहिले?

झर्मीना सकाळीच दुर्गाबाईंच्या दारात उभी राहिली. कडेवर मुलगी, मुलीच्या छातीत घरघर.

"आपा, लिस्ट में से मेरा नाम काट दिया."

दुर्गाबाई तीस वर्षं हवालदारकी करून नुकत्या घरी बसलेल्या. त्यांनी चपला घातल्या.

झर्मीना ही विश्रांतवाडीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारी अफगाण विधवा. सदाशिव पेठेतली एक संस्था निर्वासित कुटुंबांना थंडीचे तीन महिने रोख मदत द्यायची. हिचं भाडं आणि पोरीचं औषध त्यावरच. वाटप आज पाच वाजता. नाव नाही म्हणजे जानेवारीत रस्ता.

दोघी संस्थेत पोचल्या. कारकून दिगंबर मान वर न करता म्हणाला, "तक्रार आली, नाव कापलं. तक्रार आली की नाव बाद, अशी पाटी लावलीय, वाचा."

"वाचली. तक्रार दाखवा."

कंप्युटरवर छापलेला कागद, सही नाही. 'बाई गरीब नाहीत. पाहुण्यांपुढे बदाम, पिस्ते मांडतात.'

"घर बघायला तुम्हीच आला होतात ना? तुमच्यापुढं काय मांडलं?"

"बदाम. मनुका."

"पिस्ते?"

"नव्हते."

"किती खाल्लेत?"

दिगंबर घुटमळला. "वाटी संपवली. जेवलो नव्हतो."

झर्मीना हळूच म्हणाली, "उधार के थे. मेहमान दो दाने लेता है, बाकी दुकान में वापस."

दिगंबरनं पहिल्यांदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"आणि पिस्ते कधी होते गं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"एक ही बार. भाई ने दिल्ली से मुठ्ठीभर भेजा था. सब आपके सामने रखा."

पोरीला ताप भरला तेव्हा दुर्गाबाईच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या, त्याची ही परतफेड. झर्मीनाला तिथंच बसवून त्या बस पकडून विश्रांतवाडीला परत आल्या.

इमारतीच्या खाली घरमालक बद्रीनाथचं एसटीडी बूथ. हल्ली त्यात चार कंप्युटर आणि इंटरनेटची पाटी. गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली दोन पोरं उभी होती.

"काका, रूम नक्की ना?"

"जानेवारीत. शब्द म्हणजे शब्द."

पोरं गेली. दुर्गाबाईंनी स्टूल ओढलं.

"झर्मीनाच्या घरी कधी चहा घेतलात?"

"पाणीसुद्धा नाही. दारातूनच भाडं मागतो."

"घरात पाऊल?"

"कधीच नाही. का हो?"

"चला, सदाशिव पेठेत काम आहे. भाड्याचंच."

भाड्याचं म्हटल्यावर बद्रीनाथ लगेच रिक्षात बसला.

संस्थेत पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते. दुर्गाबाईंनी कागद त्याच्यापुढं ठेवला.

"छापला तुमच्याकडं, पण तिथं पन्नास पोरं येतात. तुम्हाला पकडलं ते पिस्त्यांनी. ते एकदाच बाहेर निघाले, माझ्यापुढं. ते खाऊन मी खाली आले आणि एकाच माणसाला सांगितलं."

"आता तुम्हीच फुशारकी मारलीत, त्यात माझा काय दोष?"

"मारली. पण तुमच्याजवळच मारली. इमारतीत रिकामी खोली एक नाही आणि जानेवारीची खोली तुम्ही कबूल करून बसलात. कंपनीतली पोरं दुप्पट भाडं देतात. हिची मदत थांबली की ही आपोआप निघणार. हाताला धरून काढायची लाजही नको."

बद्रीनाथ कपाळ पुसत राहिला. "एवढं होईल असं वाटलं नव्हतं," तो पुटपुटला.

दिगंबरनं कोरा कागद पुढं सरकवला. "दुर्गाबाई, नाव परत घालायला तुमचा लेखी जबाब लागेल. बातमी कुठून गेली ते सगळं. खाली मीही लिहितो. तक्रार आल्यावर दारात न जाता नाव मीच कापलं."

तीस वर्षं दुर्गाबाईंनी चोरांचे जबाब घेतले. आज स्वतःच्या अर्ध्या पानाला वीस मिनिटं लागली.

"क्या लिखा, आपा?"

तिला मराठी वाचता येत नव्हतं. टाळता आलं असतं.

"मेरे ही मुँह से बात गयी, बेटी. तेरे घर का खाकर."

झर्मीनानं मदतीचं पाकीट घेतलं, अंगठा दिला, "शुक्रिया" म्हणाली.

पुढं ती जिन्यात भेटली की सलाम करायची, हसायचीसुद्धा. 'या, बसा' मात्र पुन्हा म्हणाली नाही. दुर्गाबाईही कधी वरचा जिना चढल्या नाहीत.