पहिल्या हाकेला ओ

मोबाईल खिशात घाला आधी. आणि ते दार लोटून घे रे, वारा येतोय. हां. आता बसा नीट. गोष्ट म्हणून ऐकू नका, हे घडलेलं आहे. ज्याच्यावर बेतलं तो अजून आमच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. दात काय काढताय, गाढवांनो?

तुम्ही त्याला ओळखता. कवळीवाला. हे माझ्या तोंडातले सगळे त्याच्याच हातचे. डॉक्टर फक्त माप घ्यायचा आणि बिल लावायचा, दात करायचा हा. त्याची बायको सूतिकागृहात नर्स. तिला सगळे सिस्टरच म्हणत, थट्टेत नवरासुद्धा. बाळंतपण अडलं की मोठ्या डॉक्टरांच्या आधी तिला शोधायचे. आणि खोटं म्हणून बोलता यायचं नाही तिला. तुमच्या काकूने एकदा मोठ्या हौसेने केक करून दिला, विचारलं कसा झालाय. "मध्ये कच्चा राहिलाय, काकू." तोंडावर! काकू आठवडाभर फुगून बसली होती.

दोघं आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली. ती पहिल्या बाकावरची, मी शेवटच्या. मला तिथे डुलकी काढता येते. तर आमच्या मंडळीतून जोडपी परदेशी सेवेला जातात. पूर्णवेळ. म्हणजे इथली नोकरी सोडायची, घर मोडायचं, आणि समुद्रापलीकडे मिशनच्या दवाखान्यात नाहीतर शाळेत जन्म काढायचा. पण मनात आलं आणि निघाले, असं चालत नाही. बोलावणं यावं लागतं. तुमच्याकडे बोलावणं आलं म्हणजे माणूस गेला. आमच्याकडे हात हातात घेऊन अभिनंदन करतात. तेच प्रभूचं बोलावणं. आणि जोडपं असेल तर दोघांना यायला हवं. मिशनच्या मंडळाचे वडीलधारे नवऱ्याला एका खोलीत बसवतात, बायकोला दुसऱ्या, आणि वेगवेगळं विचारतात. एकाला आलं आणि दुसऱ्याला नाही, की चला घरी.

आणखी एक गोष्ट आमच्या हाडात भिनवलेली असते. हाक आली की पहिल्याच हाकेला ओ द्यायची. कोण आहे, कशाला बोलावताय, हे विचारायचं नाही. रविवारच्या वर्गात बाई मध्येच कुणाला तरी हाक मारायच्या, आणि जो ओ द्यायला उशीर करेल त्याला उभं करायच्या. मी कायम उभा.

तर कवळीवाल्याला बोलावणं आलं. दुकानात साचा धूत होता, तिथे. काय ऐकलं ते त्याने मला सांगितलं नाही, पण माणूस त्या दिवसापासून बदलला. मिशनचा तिकडे एक दवाखाना आहे, बायकांचा. तिथे नर्स हवी होती, हिशेब आणि औषधं बघायला माणूस हवा होता. यांच्यासाठीच जागा राखून ठेवली म्हणा ना. पण सिस्टरला विचारलं तर सिस्टर म्हणाली, "नाही. मला नाही आलं."

दुसऱ्या वर्षी विचारलं, नाही. तिसऱ्या वर्षी, नाही. त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. पण बोलणंच कमी केलं. जेवताना ताटात बघायचा. लाकडी मजला आमच्या इमारतीचा, वरचं सगळं खाली ऐकू येतं. पूर्वी दोघांचं हसणं-खिदळणं ऐकू यायचं, मग नुसते भांड्यांचे आवाज यायला लागले. वाईट वाटायचं हो. नवरा डोळ्यांदेखत सुकत चाललाय आणि तो आपल्यामुळे, हे तिला दिसत नव्हतं का?

आणि मग एका वर्षी ती म्हणाली, "आलं."

मंडळीपुढे उभं राहून तिने साक्ष दिली. त्या दिवशी मी जागा होतो. रात्रपाळी होती, म्हणाली, बाळांच्या खोलीत एकटी होते, आणि माझ्या आईने ठेवलेल्या लाडक्या नावाने कुणीतरी हाक मारली. आई तर जाऊन किती वर्षं झाली. पाळकांनी, आमच्या पाद्रींनी, विचारलं, कोणतं नाव? तिने सांगितलं. ते नाव मी आत्ता घेणार नाही. का म्हणून विचारू नका.

मंडळीत अर्ध्या बायका रडल्या. कवळीवाला तर खांबाला टेकून लहान मुलासारखा रडत होता.

मग काय, झपाझप सगळं. त्याने दुकान विकलं, यंत्रं विकली. तिने राजीनामा दिला. सामान वाटून टाकलं. आमचा हा पंखासुद्धा त्यांचाच. निघायची रात्र म्हणजे गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. पहाटे पाचला टॅक्सी सांगितलेली. बॅगा तोलायला माझ्याकडचा काटा नेला होता, तो परत करायला तो खाली आला. पावणेबारा झाले असतील. मी म्हटलं, "अरे, सकाळी दारात ठेवला असतास तरी चाललं असतं." तर म्हणतो, "काका, कुणाचं काही ठेवून जायचं नाही." चेहरा नुसता उजळलेला. माझ्या कवळीला एकदा हात लावून बघितला, म्हणाला, "दहा वर्षं हलणार नाही." आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

पुढचं मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

वर घर रिकामं. एक गादी, दाराशी बॅगा, एक दिवा. सिस्टर बॅगेवर बसली होती. पदर... नाही, रुमाल पिळत होती हातात. म्हणाली,

"अहो, जरा बसा. मला सांगायचंय."

"उद्या सांग विमानात. झोप आता."

"विमानात नाही सांगता यायचं. मला बोलावणं आलं नव्हतं. मी खोटं बोलले."

तो बसला. खालीच बसला, जमिनीवर.

"तुमच्याकडे बघवत नव्हतं मला," ती म्हणाली. "वाटलं, तुमचं आलंय ते दोघांना पुरेल. पण आता भीती वाटते. न बोलावता जातेय मी. तुम्ही पुढे जा हवं तर. मी मंडळाला खरं सांगते."

आता बघा, याच्या जागी दुसरा कोणी असता तर काय केलं असतं? ओरडला असता. नाहीतर म्हणाला असता, मरू दे, नको जायला. याने तसं काहीच केलं नाही. दुकान विकलेलं, घर मोडलेलं, इतक्या वर्षांची आस पहाटेवर येऊन ठेपलेली. याने तिचे हात धरले आणि म्हणाला, "मग आत्ता माग. रात्र आहे अजून. दोघं मिळून मागू. येईल बोलावणं."

"असं मागून येतं का?"

"माग ना गं. माझ्यासाठी माग."

आणि दोघं गुडघे टेकून बसली. दिव्याखाली. किती वेळ, त्यालाही सांगता येत नाही. मागत राहिली. हिला बोलाव. आज बोलाव. आत्ता बोलाव.

कुणाकडे मागतोय ते मनात ठेवून मागावं, पोरांनो. नुसतं "बोलाव, बोलाव" म्हणत राहिलं तर...

असो.

रस्त्यावरचा आवाज थांबला. नळ गळत होता, तो थांबला.

आणि स्वयंपाकघरातून हाक आली.

बाईचा आवाज. हळू. लाडाने मारतात तशी. साक्षीत सांगितलेलं तेच नाव.

कवळीवाल्याचे डोळे भरून आले. अंगभर काटा. आलं! बायकोकडे बघितलं तर ती पांढरी फटक, ओठ घट्ट मिटलेले. त्याला वाटलं, बावरली. आणि इकडे पहिली हाक तर होऊन गेली. दुसरी मारायला लावायची? आयुष्यभर जे शिकला तेच त्याच्या तोंडून गेलं. मोठ्याने. मला खाली ऐकू आलं, मी अंथरुणात होतो.

"ओ! आली, आली! येतेय ती!"

मग शांत.

सिस्टर कुजबुजली, "तुम्ही का ओ दिलीत?"

"अगं, तुझी आई... तुझं लाडकं नाव..."

"माझं लाडकं नाव नाहीच कुठलं."

"काय?"

"आईने मला कधी तसं हाकारलं नाही. पाळकांनी विचारलं म्हणून मी तिथे उभ्या उभ्या बनवलं. ते नाव कुणाचंच नाही हो."

...

तो सांगतो, पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दोघं तशीच. गुडघ्यांवर. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत. आत अंधार. आत काय होतं? ओटा, खिडकी, खिडकीला गज. दुसरं दार नाही.

दुसरी हाक आली नाही.

कशाला येईल? ओ मिळाली होती.

आत काहीतरी हललं. भांडी तर सगळी वाटून टाकलेली.

सिस्टर उठली. त्याने मनगट धरलं. घट्ट धरलं.

"नको जाऊस. नाही जायचं आपल्याला. कुठेच नाही जायचं. उद्या मी मंडळाला सांगतो. दुकान परत टाकू, भाड्याने टाकू..."

"हो," ती म्हणाली. पण ती त्याच्याशी बोलत नव्हती. दाराकडे बघून बोलत होती. "हो. ऐकलं मी."

"अगं..."

"नाही. ते नकोत. त्यांना नाही बोलावलंत तुम्ही." थांबली. ऐकलं. "नाही म्हटलं ना. मी एकटीच येते."

मग त्याच्याकडे वळली. त्याची बोटं एकेक करून सोडवली. कशी सोडवली, म्हणतो, बाळंतीण कळ आली की नर्सचा हात आवळते ना, तो हात सोडवताना नर्स जशी सोडवते, तशी. न दुखवता.

आत गेली. दार उघडंच होतं.

तो उठेपर्यंत... किती वेळ असेल तो? एक श्वास?

आतला दिवा लावला. कोणी नाही.

माझं दार त्याने असं ठोकलं की मला वाटलं आग लागली. वर जाऊन मी स्वतः बघितलं. गज जागच्या जागी. चपला दाराशी. इमारतीचं खालचं दार आतून बंद, कडी मीच काढली पोलिसांसाठी. पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं, मग सोडून दिलं. काय सापडणार? मंडळाचे लोक आले, हळहळले, आणि कळवलं की जोडपं नाही तर पाठवणी नाही. दुकान गेलं, बायको गेली, जाणंही गेलं. रिकाम्या घरात गादीवर बसलेला असायचा. तुमची काकू ताट नेऊन ठेवायची, तसंच परत आणायची.

आणि मग त्याला तिकडून फोन आला. मिशनच्या त्या दवाखान्यातून, तिथल्या डॉक्टरांचा. मी तिथेच होतो, ताट घेऊन गेलो होतो. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. डॉक्टर खुशीत. "तुमच्या मिसेस अगदी वेळेवर पोचल्या. फार मदत होतेय. फक्त रात्रपाळीच मागतात. तुम्ही कधी येताय?"

दोघांचे पासपोर्ट बॅगेवर पडले होते. आमच्यासमोर.

त्याचा जीव हरखला हो. वेड्यासारखा हसायला लागला. "तिला द्या फोन, तिला द्या!" डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला, हाका मारत गेले. आम्ही दोघं ऐकत होतो. बायकांचा वॉर्ड, नुकती जन्मलेली बाळं. एकही बाळ रडत नव्हतं. डॉक्टर परत आले, म्हणाले, आत्ता इथेच होत्या.

त्यानंतर त्याने किती फोन केले, कुणी उचलले नाहीत. शेवटी डॉक्टरांचा एकच निरोप आला. "तिला परत बोलवा."

कशी बोलवणार? रोज रात्री तो स्वयंपाकघराच्या दारात बसतो आणि तिच्या खऱ्या नावाने हाका मारतो. खाली मला झोप लागत नाही. ओ येत नाही. आता एकच नाव उरलंय. आणि ते घ्यायची त्याची छाती होत नाही, कारण त्या नावाला ओ देणारी तीच असेल कशावरून? मी त्याला म्हणतो, घर सोड. तो म्हणतो, काका, ओ मी दिली होती. या माणसाचं आता काही होणार नाही, पोरांनो. मी रोज बघतो ना.

त्या निरोपाबरोबर एक फोटो होता. त्याने मला पाठवला, आणि स्वतःच्या फोनवरून काढून टाकला. दाखवतो. ढकलाढकली करू नका.

हा बघा वॉर्ड. रात्रीचा आहे. खाटांवर बायका, सगळ्या जाग्या, सगळ्या एकाच बाजूला बघताहेत. तिथे कोणी नाही. आता ही कडेच्या खाटेवरची बघा. हात पुढे केलेत तिने, नर्सकडे बाळ देताना करतात तसे. हात रिकामे आहेत.

बाळ वीतभर वर आहे.